मोटारीचा चार्जर नक्की कुठे असतो?

माझी धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. गेल्या डिसेंबरात ती मुलांना घेऊन शहाडला आमच्याकडे आली होती. तिचा मुलगा आठवीत आहे. एका रात्री आम्ही दोघे जिना उतरून खाली पार्किंगमध्ये गेलो. मी आमच्या लहानशा विजेवरच्या मोटारीचा प्लग भिंतीतल्या मोठ्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये घातला, दुसरे टोक गाडीत खोचले आणि वर निघालो. भाचा तिथेच उभा राहिला.

"मामा, चार्जर कुठे आहे?"

"हा काय, लावला की."

"ही तर नुसती वायर आहे. आमच्याकडे गॅरेजच्या भिंतीवर मोठा डबा आहे. तो बसवण्याआधी आम्हीसुद्धा साध्या प्लगवरच गाडी लावायचो, पण मग रात्रभरात जेमतेम भरायची. आणि तुमची बॅटरी आमच्यापेक्षा मोठी आहे!"

प्रश्न रास्त होता. बहिणीची गाडी म्हणजे सात आसनांची क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिड. २०१७ च्या मॉडेलपासून निघालेली ही कुटुंबासाठीची मोठी गाडी पेट्रोलवर चालते आणि विजेवरही. तिच्या जमिनीखाली १६ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. आमच्या गाडीची बॅटरी २४ किलोवॅट-तासांची. तरीही त्यांच्या घरच्या साध्या प्लगवर त्यांची गाडी भरायला बारा-तेरा तास लागत आणि आमची आठ-नऊ तासांत भरते. पोराला हे कोडे वाटले तर नवल नाही. त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या बैठकीतून आणि त्याआधी वर्षभर आमच्या इमारतीत झालेल्या फजितीतून हा लेख निघाला आहे. आठवी ते दहावीच्या वर्गात विद्युतधारेचा धडा शिकवताना त्यातले बरेचसे उपयोगी पडेल असे वाटते.

एकशेवीस आणि दोनशेतीस

प्रथम हिशेब. विद्युतशक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. अमेरिकेत घरातल्या साध्या सॉकेटचे विभवांतर १२० व्होल्ट असते आणि मोटारीसारख्या तासन्‌तास चालणाऱ्या उपकरणाने त्यातून १२ अँपिअरहून जास्त धारा घेऊ नये असा दंडक आहे. गुणाकार केला की १४४० वॅट, म्हणजे जेमतेम दीड किलोवॅट. सोळाला १.४४ ने भागा. अकरा तास येतील. वाटेत थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, ती धरली की बारा-तेरा.

आपल्याकडे विभवांतर २३० व्होल्ट. गिझर किंवा एअरकंडिशनर लावतो त्या मोठ्या सॉकेटमधून आमची गाडी सुमारे १४ अँपिअर धारा घेते. गुणाकार ३२२० वॅट. चोवीसला ३.२२ ने भागले की साडेसात तास, नासधूस धरून आठ-नऊ. कोडे सुटले. धारा जवळपास तेवढीच, पण विभवांतर दुप्पट म्हणून शक्ती दुपटीहून जास्त.

भाच्याने लगेच विचारले, मग आमच्या डब्यात काय जादू आहे? जादू नाही. अमेरिकेतल्या घरात १२० व्होल्टच्या दोन तारा येतात, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली जाते. त्या दोन तारांमध्ये मोजले तर २४० व्होल्ट मिळतात. कपडे वाळवण्याच्या यंत्रासारखी मोठी उपकरणे त्यावर चालतात. भिंतीवरचा तो डबाही त्याच जोडणीवर बसवलेला आहे. त्यातून गाडी ६.६ किलोवॅटपर्यंत शक्ती घेते आणि दोन-अडीच तासांत भरते.

विभवांतर वाढवले की धारा कमी लागते, याचे उदाहरण आमच्या घराच्या गच्चीवरून दिसते. शहाड स्टेशनवरून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलच्या डोक्यावरची तार पूर्वी १५०० व्होल्टची, एकदिश प्रवाहाची होती. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली, ती याच पद्धतीवर. पुढे मध्य रेल्वेने टप्प्याटप्प्याने तारा बदलल्या. कल्याणकडे येणाऱ्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये सर्वत्र २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. १००० किलोवॅट शक्ती हवी असेल तर १५०० व्होल्टला ६६७ अँपिअर लागतात, २५,००० व्होल्टला फक्त ४०. तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा सतरापट कमी, तर त्याच तारेतली नासधूस पावणेतीनशे पट कमी! वर्गात हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. आकडा सांगण्याआधी अंदाज विचारावा. बहुतेक जण सतरा असेच सांगतात.

प्लग नसलेली आणि प्लग असलेली

इथे एक घोटाळा दूर करायला हवा, कारण शिक्षकांच्या खोलीतही तो ऐकला आहे. 'हायब्रिड म्हणजे रात्री चार्जिंगला लावायची गाडी ना?' आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक हायब्रिड गाड्यांना प्लगच नसतो. इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटारा यांच्या हायब्रिड प्रकारात बॅटरी अगदी लहान असते. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा ती साठवते आणि पुढच्या क्षणी परत देते. तिच्यातली सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते.

प्लग-इन हायब्रिड हा वेगळा प्रकार. हिची बॅटरी मोठी असते आणि बाहेरून भरता येते. चीनमध्ये २००८ च्या डिसेंबरात बीवायडी कंपनीने अशी गाडी बाजारात आणली, अमेरिकेत २०१० च्या डिसेंबरात शेव्हरोले व्होल्ट आली. आपल्याकडे असल्या गाड्या आल्या त्या मुख्यतः महागड्या परदेशी श्रेणीत. बहिणीची गाडी बॅटरीवर साधारण ५० किलोमीटर जाते, मग पेट्रोलचे इंजिन सुरू होते.

पन्नास किलोमीटर म्हणजे किती? शहाडहून ठाणे रेल्वेने सुमारे २४ किलोमीटर, रस्त्याने थोडे अधिक. म्हणजे रोज ठाण्याला नोकरीसाठी जाऊन येणाऱ्याचे सगळे अंतर जवळजवळ विजेवर. मात्र एका अटीवर : गाडी रोज रात्री प्लगला लागली पाहिजे. ती अट पाळली नाही तर ही गाडी म्हणजे जड बॅटरीचे ओझे घेऊन फिरणारी पेट्रोलची गाडी. ही नुसती शंका नाही. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये तिथल्या गाड्यांमध्ये बसवलेल्या मोजमाप यंत्रांचे आकडे प्रसिद्ध केले. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे कार्बन डायऑक्साइडचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेत ठरवलेल्या आकड्याच्या सुमारे साडेतीनपट निघाले. याचे मोठे कारण म्हणजे लोक गाड्या गृहीत धरल्या तितक्या वेळा चार्ज करत नाहीत आणि विजेवर तितके चालवत नाहीत.

म्हणजे अशा गाडीचा चांगुलपणा कारखान्यात जेवढा ठरतो, तेवढाच घरच्या सॉकेटपाशी ठरतो. संपूर्ण विजेच्या गाडीलाही हे थोड्याफार फरकाने लागू आहे. म्हणून आता सॉकेटकडेच वळू.

भिंतीवरचा डबा काय करतो?

भाच्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे : चार्जर गाडीत असतो. भिंतीवरचा डबा किंवा वायरीच्या मध्ये असलेला लहान खोका हा खरे तर चार्जरच नव्हे.

भारनियमनाच्या काळात आपल्यापैकी पुष्कळांनी घरी इन्व्हर्टर घेतला. बॅटरी एकदिश प्रवाह देते, पंख्याला प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. तो बदल इन्व्हर्टर करतो. वीज परत आली की उलटे काम, प्रत्यावर्तीचा एकदिश करून बॅटरी भरणे. हे उलटे काम करणारे यंत्र म्हणजे चार्जर. घरच्या प्लगवर लावायच्या मोटारींमध्ये ते गाडीच्या पोटातच बसवलेले असते. किती वेगाने भरायचे, बॅटरी तापली तर धारा किती कमी करायची, हे सगळे गाडी ठरवते. (तुलनेसाठी : इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १.८ किलोवॅट-तास. बहिणीच्या गाडीत अशा नऊ बॅटऱ्यांइतकी ऊर्जा आहे.)

मग डबा कशासाठी? तो पहारेकरी आहे. गाडीच्या वायरीत वीज वाहून नेणाऱ्या तारा आणि अर्थिंगची तार यांशिवाय एक बारीक तार असते, केवळ निरोपासाठी. गाडी जोडलेली नसताना डबा या तारेवर १२ व्होल्ट ठेवतो. गाडी जोडली की गाडीतल्या एका रोधामुळे हे विभवांतर ९ व्होल्टवर येते. 'कोणीतरी आले आहे' हे डब्याला कळते. मग डबा त्या तारेवर सेकंदाला हजार वेळा वर-खाली होणारा चौकोनी संदेश पाठवू लागतो. संदेश किती वेळ 'वर' असतो त्यात एक आकडा दडलेला असतो. पाव वेळ वर असेल तर 'माझ्याकडून १५ अँपिअरपर्यंत घे', निम्मा वेळ वर असेल तर '३० अँपिअरपर्यंत घे'. गाडी तयार झाली की आणखी एक रोध जोडते, विभवांतर ६ व्होल्टवर उतरते, आणि मगच डब्यातला मोठा स्विच मिटतो. 'टक्' असा आवाज येतो तो त्याचा.

त्या टक्‌च्या आधी गाडीकडच्या टोकाच्या पिनांमध्ये वीज नसते. पावसात भिजलेल्या हाताने जोडणाऱ्याला हे मोठेच संरक्षण आहे. अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्या गाड्यांच्या जोडण्यांचा आकार वेगळा असला तरी हे संभाषण एकाच भाषेत चालते.

पण एक गोष्ट या पहारेकऱ्याला दिसत नाही. भिंतीतल्या सॉकेटच्या मागे कोणती वायर आहे, तिचे स्क्रू घट्ट आहेत की सैल, हे त्याला ठाऊक नसते. १५ अँपिअर घे असे तो सांगतो ते प्लगचा आकार पाहून. आणि आमची फजिती झाली ती नेमकी इथे.

रीळ का तापले?

गाडी आली तेव्हा पार्किंगमध्ये सॉकेट नव्हते. सोसायटीची परवानगी मिळायची होती. मी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेतलेला माणूस; पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक्स्टेंशनचे रीळ खाली सोडले. वायर २० मीटरची, तांब्याचे छेदक्षेत्र १ चौरस मिलिमीटर. पाच मीटर उलगडली, पंधरा रिळावरच राहिली. तासाभराने जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. धावत जाऊन प्लग काढला तेव्हा रीळ हातात धरवत नव्हते. आतले वेढे एकमेकांना चिकटले होते.

हिशेब नंतर केला, आधी करायला हवा होता. वायरीत जाणारी व येणारी अशा दोन तारा, म्हणजे एकूण ४० मीटर तांबे. त्याचा रोध सुमारे ०.६९ ओहम. १४ चा वर्ग १९६. गुणाकार १३५ वॅट. त्यातला तीन-चतुर्थांश भाग रिळावर, म्हणजे सुमारे १०० वॅट. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब प्लॅस्टिकच्या डबीत कोंडून पेटवून ठेवावा, तसेच हे.

रिळाचे वेढे असल्यामुळे विद्युतचुंबकत्वाने ते तापते, असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही. त्याच वायरीत एक तार धारा नेते आणि दुसरी तेवढीच परत आणते. दोघींचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांना जवळजवळ पुसून टाकते. वेढ्यांमध्ये तयार होणारी उष्णता उलगडलेल्या वायरीइतकीच असते, फक्त तिला बाहेर पडायला वाट नसते. मुलांना हे समजावायला स्वयंपाकघरातले उदाहरण आहे : परातीत पसरलेला भात लवकर निवतो, डब्यात दाबून भरलेला तासभर गरम राहतो.

सॉकेटचीही तीच कथा. गिझर पंधरा-वीस मिनिटे चालतो आणि बंद होतो. सॉकेटमधला स्क्रू थोडा सैल असला तरी तापण्याआधी काम संपलेले असते, म्हणून दोष वर्षानुवर्षे दडून राहतो. मोटार मात्र आठ तास सलग धारा घेते. सैल जोडणीचा रोध ०.२ ओहम जरी धरला, तरी १९६ गुणिले ०.२ म्हणजे ३९ वॅट. हे म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे तापलेले सोल्डरिंग आयर्न रात्रभर सॉकेटच्या आत ठेवल्यासारखे आहे. तापल्याने पितळेची स्प्रिंग ढिली पडते, ढिली पडल्याने रोध वाढतो, रोध वाढल्याने आणखी तापते. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका सॉकेटचा रंग असाच पांढऱ्याचा तपकिरी झालेला मी पाहिला आहे. यावर एमसीबी काही करत नाही, कारण धारा चौदाच अँपिअर आहे. तिच्या दृष्टीने सगळे ठीक चालले आहे.

नंतर परवानगी मिळाली. खालच्या मीटरच्या खोलीतून, आमच्याच मीटरवरून, पार्किंगपर्यंत ३० मीटर केबल टाकायची ठरली. वायरमन म्हणाला, अडीचची टाकू. मी चारची मागितली. अडीच चौरस मिलिमीटरमध्ये ८१ वॅट वाया जातात, चारमध्ये ५१. आठ तासांत फरक पाव युनिटाचा. पैशांचा विचार केला तर फारसे काही नाही. पण पत्र्याच्या नळीत, मे महिन्यात, इतर केबलींना खेटून असलेली वायर किती तापेल याचा विचार केला तर पुष्कळ. कामाआधी महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेतला. आमच्या बिलावर तो ३ किलोवॅट होता. एकटी गाडीच त्याहून जास्त घेते, वर गिझर आणि फ्रीज आहेतच.

लाल दिवा

केबल नवी, सॉकेट नवे. पहिल्याच रात्री गाडी लावली आणि खोक्यावर लाल दिवा लागला : अर्थिंग नाही. वायरमनने क्षणभर विचार करून सुचवले, "साहेब, सॉकेटमध्ये अर्थच्या पिनेला न्यूट्रलचा तुकडा जोडतो. दिवा जाईल."

आणि जाईल, हे खरे. हा तोडगा मी त्यानंतर अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्यात काय भयंकर आहे ते सविस्तर सांगतो. हा लेख वाचणाऱ्या एखाद्या शिक्षकाने एका माणसाला जरी यापासून परावृत्त केले तरी लिहिल्याचे चीज होईल.

गाडीची धातूची बॉडी अर्थच्या पिनेला जोडलेली असते. आता ती न्यूट्रलला जोडली गेली. न्यूट्रलचे विभवांतर जमिनीच्या तुलनेत जवळजवळ शून्य असते तोवर काही होत नाही. पण मीटरच्या खोलीत किंवा रस्त्यावरच्या खांबाजवळ न्यूट्रलची जोडणी तुटली तर? ती तुटते, पावसाळ्यात तर हमखास. मग फेजची वीज घरातल्या किंवा गाडीतल्या कोणत्याही चालू उपकरणातून न्यूट्रलच्या तुटलेल्या टोकापर्यंत येते आणि पुढे जायला वाट नसल्याने थांबते. त्या टोकाला आता २३० व्होल्ट आहेत आणि ते टोक गाडीच्या बॉडीला जोडलेले आहे. गाडी रबराच्या टायरांवर उभी असल्याने वीज जमिनीत जात नाही. ओल्या फरशीवर चपलेविना उभा असलेला कोणी दार उघडायला हात लावतो, तेव्हा ती वाट तयार होते.

आमची इमारत जुनी. अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगाला, त्यावर कोणीतरी कुंड्या मांडून ठेवलेल्या. मीठ-कोळसा कधीच विरघळून गेला असावा. मोजले तर जमिनीशी रोध ४० ओहमच्या घरात. इथे ओहमचा नियम लावून पाहा. समजा गाडीत किंवा वायरीत बिघाड होऊन फेज बॉडीला टेकली. २३० भागिले ४० म्हणजे पावणेसहा अँपिअर धारा जमिनीत जाईल. १६ अँपिअरची एमसीबी पडेल का? मुळीच नाही. बॉडीत वीज तशीच राहील. खड्ड्याचा रोध ५ ओहम असता तर ४६ अँपिअर गेले असते, तेव्हा एमसीबीने निदान काही सेकंदांत दखल घेतली असती.

म्हणून दुसरे उपकरण लागते, आरसीसीबी. हिची कल्पना फार सुंदर आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. गेली तेवढी धारा परत आली तर दोघींचे परिणाम एकमेकांना पुसतात, कड्यात काहीच होत नाही. वाटेत थोडी धारा दुसरीकडे, म्हणजे जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून गेली, की जमाखर्च जुळत नाही. कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात विद्युतधारा निर्माण होते आणि स्विच पडतो. ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअरची चोरीसुद्धा तिला कळते. एमसीबी वायरीला वाचवते, आरसीसीबी माणसाला. हा भेद दहावीच्या मुलांना आवर्जून सांगावा. घरी बोर्ड उघडून आपल्याकडे दोन्ही आहेत का, हे त्यांनी मोठ्यांना विचारावे.

एक बारकावा. मोटारीतला चार्जर प्रत्यावर्तीचे एकदिश करतो, त्यामुळे बिघाडात गळणारी धाराही एकदिश असू शकते. अशी सपाट धारा कड्याला चुंबकीय सुस्ती आणते आणि साधी आरसीसीबी बधिर होते. मोटारीसाठी बनवलेल्या चांगल्या डब्यांत ६ मिलिअँपिअरची एकदिश गळती ओळखण्याची वेगळी सोय असते. डबा घेताना एवढी एक गोष्ट विचारून घ्यावी, तो किती आकर्षक दिसतो ही नव्हे.

खड्डा नवा केला. तांब्याचा मुलामा दिलेली लांब कांब खोल गाडली. कुंड्या हलवण्यावरून सोसायटीच्या बैठकीत जी चर्चा झाली ती अर्थिंगच्या खर्चावरच्या चर्चेपेक्षा लांबली, पण ते असो. लाल दिवा गेला.

सॉकेट किती उंचीवर?

शहाड उल्हास नदीच्या काठी आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-शहाड पट्ट्यात जे झाले ते इथल्या जुन्या रहिवाशांना सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली, तीही याच नदीच्या पुरात. परदेशी माहितीपत्रकात सॉकेट लावायची जी उंची दिलेली असते ती तिथल्या कोरड्या गॅरेजसाठी. आमच्या पार्किंगच्या खांबावर २००५ च्या पाण्याची खूण रंगाखाली अजून दिसते. आम्ही त्या खुणेच्या हातभर वर सॉकेट बसवले. वाकायला नको म्हणून सोयीचेही झाले. एमसीबी आणि आरसीसीबी आणखी वर, जिन्याच्या पहिल्या वळणावर, म्हणजे पाणी शिरू लागले तर त्यात न उतरता वीज तोडता येते.

राहिला बिलाचा प्रश्न. लोक तोच आधी विचारतात. लहान विजेच्या गाडीला किलोमीटरमागे साधारण ०.१५ युनिट लागते असे धरा. महिन्याला १००० किलोमीटर म्हणजे १५० युनिट. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. घरचा वापर २०० युनिट असेल तर गाडीमुळे तो ३५० होतो. म्हणजे गाडीची पहिली शंभर युनिटे एका दराने आणि शेवटची पन्नास त्याहून महाग दराने. गाडीचा खर्च काढताना बिलाची सरासरी घेऊन चालत नाही, ही वाढीव युनिटे कोणत्या टप्प्यात पडतात ते पाहावे लागते. आपल्या गावचे चालू दर बिलाच्या मागे छापलेले असतात. मुलांना तेच घेऊन गणित घालावे.

आणखी एक प्रयोग, सॉकेटला हात न लावता करण्याजोगा. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. म्हणजे एका युनिटाला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातले बाकी सगळे बंद करून एकच उपकरण चालू ठेवायचे आणि मिनिटाभरात किती वेळा दिवा लागला ते मोजायचे. शंभर वॅटला पाच-सहा वेळा लागेल. त्यावरून मिक्सर, इस्त्री, पंखा यांची शक्ती काढता येते आणि उपकरणावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहता येते.

भाच्याने परत जाण्याच्या आदल्या रात्री हा प्रयोग आमच्या गाडीवर केला. दिवा इतका भरभर लुकलुकत होता की त्याला मोजता येईना. मग त्याने मोबाइलवर चित्रफीत घेतली, ती सावकाश चालवून मोजली आणि मिनिटाला १७१ असा आकडा आणला. त्यावरून गाडी किती किलोवॅट घेत होती, ते काढायचे काम वाचकांवर सोडतो. उत्तर माझ्या ३२२० वॅटशी तंतोतंत जुळत नाही. न जुळण्याची निदान दोन कारणे या लेखातच आहेत. तिसरे त्याने शोधले : त्या वेळी वर आजीने टीव्ही लावला होता.